दगडाला आच देताना

दगड तापवला की मऊ होतो का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. होत नाही. भट्टीत जाण्याआधी जो चर्ट, म्हणजे चकमकीच्या जातीचा दगड, काचेवर ओरखडा काढायचा, तो भट्टीतून आल्यावरही तसाच ओरखडा काढतो. मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा सातच्या जवळपास असतो आणि नंतरही तेवढाच राहतो. बदलते ती आतली चीर. कडेवर दाब दिला की जी चीर सुरू होते ती किती दूर जाईल, किती सरळ जाईल आणि वाटेत किती अडखळेल, हे आच देऊन बदलता येतं. दगडाच्या कपच्या काढून पाती आणि बाणाची टोकं घडवणाऱ्याचं सगळं काम या चिरेवरच चालतं.

माझ्याकडचा चर्ट पिवळसर, बारीक कणांचा, दिसायला देखणा आणि हाताला हट्टी. हातोडी-दगडाने मोठ्या कपच्या निघायच्या, शिंगाच्या हातोडीने त्याला पानाचा आकारही यायचा. अडायचं ते पुढे. शेवटच्या बारीक कपच्या दाबाने काढतात. डाव्या तळव्यात जाड चामड्याची गादी, तिच्यावर दगड, उजव्या हातात तांब्याचं टोक बसवलेला टोचा. टोक कडेवर टेकवायचं, आधी दगडाच्या आतल्या दिशेने जोर वाढवत न्यायचा आणि मग जरासं खाली दाबायचं, की खालच्या बाजूने कपची सुटते. कच्च्या चर्टवर मनगट थरथरेपर्यंत दाबावं तेव्हा कुठे एक आखूड कपची निघायची, आणि तीही अर्ध्या वाटेत तुटून मागे पायरी ठेवून जायची. अशा आखूड कपच्या निघत गेल्या की पातं अरुंद होत जातं पण पातळ होत नाही, मधला उंचवटा तसाच राहतो. पातं पातळ व्हायचं तर कपचीने मधली रेघ ओलांडायला हवी. आच द्यायची ती यासाठी.

युक्ती फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पिनॅकल पॉइंट इथे सापडलेल्या, सिल्क्रीट या वाळूचे कण घट्ट सांधून बनलेल्या दगडाच्या हत्यारांचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली माणसं 72,000 वर्षांपूर्वी हा दगड सर्रास भाजून घेत होती आणि त्याची सुरुवात कदाचित 1,64,000 वर्षांपूर्वीच झाली असावी, असं त्यात मांडलं आहे. पश्चिम युरोपातल्या सोल्युट्रियन या अश्मयुगीन संस्कृतीच्या कारागिरांनी साधारण 20,000 वर्षांपूर्वी भाजलेल्या चकमकीवर दाबाने कपच्या काढल्या, आणि त्यांची काही पाती इतकी सुबक आहेत की पाहत राहावं. हडप्पा संस्कृतीतले मणी घडवणारे अकीक भाजून लाल करत, त्यात कपच्या काढण्याची सोयही होत होती. अलीकडच्या काळात ही गोष्ट पुन्हा प्रयोगातून उमगली. अमेरिकेतल्या डॉन क्रॅबट्री आणि रॉबर्ट बटलर यांनी दगड भाजण्याच्या प्रयोगांवरचं टिपण 1964 मध्ये प्रसिद्ध केलं. घरी दगड भाजणारे आम्ही सगळे एका अर्थाने त्याच वाटेने चाललो आहोत.

दगडाच्या आत काय होतं हे समजून घेतल्याशिवाय भट्टी लावू नये, असं माझं ठाम मत आहे. चर्ट, चकमक, अकीक यांत क्वार्ट्झचे अतिसूक्ष्म कण किंवा तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यांच्यात पाणी असतं, आणि ते दोन प्रकारचं. एक बारीक छिद्रांत अडकलेलं. दुसरं सिलिकाशीच, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं त्या द्रव्याशी, रासायनिक बंधाने जोडलेलं, सिलॅनॉल गटांच्या (सिलिकॉनला चिकटलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीच्या) रूपातलं. साधारण 200 ते 300 अंश सेल्सियसच्या दरम्यान हे गट तुटू लागतात, पाणी बाहेर पडतं आणि त्यांच्या जागी सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन असे नवे बंध जुळतात. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातले पॅट्रिक श्मिट यांच्या संशोधनाने ही बाजू चांगली उलगडली आहे. कणांमधल्या फटी अशा सांधल्या गेल्या की चीर कणांना वळसे घालत बसत नाही, त्यांच्यातून आरपार जाते. म्हणून तिला जोर कमी लागतो आणि मागे राहणारा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. यात वितळण्याचा काही संबंध नाही. सिलिका वितळायला 1,700 अंशांच्या आसपास तापमान लागतं, आपण त्याच्या पाव हिश्श्यातच थांबतो.

म्हणजे हवं ते पाणी बाहेर काढायचं, पण त्याची घाई झाली तर तेच पाणी वाफ होऊन दगड फोडतं. घरची सगळी पद्धत या एका पेचातून ठरते.

दगड निवडताना मी प्रत्येकाला दुसऱ्या दगडाने हलकेच टिचकी मारून पाहतो. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत चीर असलेला बद्द वाजतो. बद्द वाजणारे बाजूला. ऑब्सिडियनही बाजूला, कारण ती मुळातच ज्वालामुखीची काच आहे, तिला आचेची गरज नाही. सबंध गोटे मी भाजत नाही. आधी त्यांच्या मोठ्या कपच्या पाडतो, काहींना दोन्ही बाजूंनी घडवून पानाचा ओबडधोबड आकार देतो, आणि बोटभर जाडीच्या आतले तुकडेच भट्टीसाठी ठेवतो. पातळ तुकड्यातून पाणी लवकर निघतं, आतलं आणि बाहेरचं तापमान जवळजवळ राहतं, आणि दगडात दडलेला दोष भाजण्याआधीच उघडा पडतो. जाड गाभा भाजता येत नाही असं नाही, पण त्याला प्रत्येक टप्प्यावर कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो.

इथेच मी एक काम न चुकता करतो. प्रत्येक दगडाची एक कपची न भाजता बाजूला काढून ठेवतो आणि तिच्यावर त्या दगडाचा क्रमांक लिहितो. या मूळच्या कपचीशिवाय पुढचं सगळं अंदाजावर चालतं. भाजलेला दगड 'छान झाला' असं वाटणं आणि तो खरोखर बदललेला असणं यात फार अंतर आहे. शेजारी कच्चा तुकडा असला तरच ते अंतर कळतं.

मग वाळवणी. या टप्प्याबद्दल लोक सर्वात कमी बोलतात, आणि माझ्या मते दगड वाचतो किंवा जातो तो इथेच. ओढ्यातून, ओल्या मातीतून आणलेला दगड वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. मी तुकडे आधी आठवड्याच्या हिशेबाने उन्हावाऱ्यात ठेवतो. नंतर भट्टीत 95 अंशांवर, म्हणजे पाणी उकळण्याच्या किंचित खाली, किमान एक दिवस-रात्र. किती वेळ पुरे हे घड्याळावर ठरवत नाही, वजनावर ठरवतो. ग्रॅमचा दशांश दाखवणारा डिजिटल काटा असला की झालं. ठरावीक तासांनी दोन-तीन नेमके तुकडे काढून तोलायचे. वजन उतरत असेल तर पाणी अजून निघतंय. दोन लागोपाठच्या मापांत आकडा हलला नाही की पुढे जायचं. पांढऱ्या खडूसारखी साल असलेले तुकडे सर्वात जास्त वेळ घेतात, ती साल पाणी धरून ठेवते. शक्य तिथे मी ती भाजण्याआधीच काढून टाकतो.

भट्टी साधी आहे: मातीची भांडी आणि काचेची कामं भाजायला वापरतात तसली छोटी विजेची, कंट्रोलर बसवलेली. कंट्रोलर महत्त्वाचा, कारण ताशी किती अंश चढायचं, कुठे किती तास थांबायचं आणि कसं उतरायचं हे त्याला आधीच सांगून ठेवता येतं. तुकडे थेट भट्टीच्या तळावर ठेवत नाही. एका जाड पोलादी भांड्यात कोरड्या, चाळलेल्या वाळूचा थर देतो, त्यावर एकमेकांना न टेकतील असे तुकडे, वर पुन्हा वाळू. वाळू तापमानातले धक्के पचवते. तारेच्या जवळची बाजू अधिक तापणं, दाराच्या फटीतून गार झोत लागणं, हे दगडापर्यंत पोचत नाही. एखादा तुकडा फुटलाच तर त्याच्या ठिकऱ्याही वाळूतच राहतात. वाळूही आधी वाळवून घेतलेली हवी, नाहीतर वाळवलेल्या दगडांना आपणच वाफेत बसवतो.

वाळूचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवावा लागतो. भट्टीतली हवा 250 अंशांवर पोचली तरी वाळूच्या पोटात त्या वेळी बरंच कमी तापमान असतं. म्हणून मी दुसरा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, वाळूत, तुकड्यांच्या बरोबरीने खुपसतो आणि त्याचा आकडा खरा मानतो. थांबण्याचे तास मोजायचे तेही या आतल्या आकड्यापासून.

वाळवणीनंतर ताशी 25 अंशांनी चढ. 150 वर दोन-तीन तास विसावा, मग पुन्हा तोच वेग. पिवळ्या चर्टसाठी मी पहिल्यांदा 250 अंश ठरवले आणि तिथे पाच तास धरले. किती तापवायचं याला एकच उत्तर नाही. बारीक कणांच्या अर्धपारदर्शक चर्टला आणि अकीकाच्या जातीच्या कॅल्सेडनीला 200 ते 260 अंश पुरतात, भरड चर्टला 300 किंवा वर जावं लागतं, नोव्हॅक्युलाइटसारख्या दगडाला 400 च्याही पुढे. अनोळखी दगडासाठी माझा नियम खालून सुरू करण्याचा आहे. कमी भाजलेला दगड पुन्हा भट्टीत घालता येतो. जास्त भाजलेल्याला परत आणायची सोय नाही. 573 अंशांवर तर क्वार्ट्झची रचनाच अचानक बदलते आणि त्याचं आकारमान एकदम वाढतं. कपच्या काढायच्या दगडाला त्या वाटेला नेण्याचं काहीच कारण नाही.

सगळ्या दगडांना इतकं संथ चढणं लागतं असंही नाही. सिल्क्रीटमधून पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते, त्यामुळे तो झपाट्याने तापवलेलाही सोसतो. दाट चकमक तेवढ्याने तडकते. दुसऱ्याचा यशस्वी आलेख जसाच्या तसा आपल्या दगडावर चालवू नये तो याचमुळे.

उतरणीला मी चढणीपेक्षा जास्त जपतो. भट्टी बंद झाल्यावर कंट्रोलर ताशी 25 ते 30 अंशांनी उतरवतो, शंभराच्या खाली आल्यावर ती आपल्या गतीने निवत जाते. दार उघडायचं ते वाळूतला आकडा खोलीच्या तापमानाला टेकल्यावरच. या वेळी मनाला आवरावं लागतं. हवेचा आकडा 60 दाखवतो, हातमोजे शेजारी असतात, आणि एक तुकडा काढून पाहायची इच्छा अनावर होते. पण दगडाची वरची त्वचा गार आणि पोट गरम अशी स्थिती आली की बाहेरचा थर आकसतो, आतला आकसत नाही, आणि त्या ताणाने चीर पडते. कधी ती दिसते. कधी दिसत नाही, आणि पातं पूर्ण होत आलं की ऐन मोक्याला दोन तुकडे हातात येतात.

वाळू चाळून तुकडे बाहेर आले तेव्हा पिवळा चर्ट पिवळा राहिला नव्हता. कडा गुलाबी, काही पट्टे विटकरी लाल. त्यातलं पिवळेपण गोएथाइट या लोहाच्या खनिजाचं. तापल्यावर त्यातलं पाणी जाऊन त्याचं हेमॅटाइट होतं, आणि हेमॅटाइट लाल असतं. रंग सुंदर होता, मला फार आवडला, पण रंगावरून दगड भाजला गेला असं मी मानत नाही. लोह असेल तर रंग बदलतो, नसेल तर नाही. करड्या चकमकीचा एक तुकडा त्याच भट्टीतून जवळजवळ जसाच्या तसा बाहेर आला होता. पृष्ठभागाला हात लावूनही काही कळत नाही, कारण जुना पृष्ठभाग भाजल्यानंतरही मंदच राहतो.

कळतं ते पहिल्या कपचीला. लालसर तुकड्याची कड खरखरीत दगडावर घासून बोथट केली, कारण धारदार कड दाबाखाली चुरते आणि टोच्याला पकड मिळत नाही. चामड्यावर तुकडा धरला, टोच्याचं टोक कडेच्या जराशा खाली आलेल्या जागी टेकवलं आणि सवयीने जोर वाढवायला सुरुवात केली. पुरता जोर लागायच्या आधीच बारीक 'टिक्' असा आवाज झाला आणि तळव्यात चामड्यावर काहीतरी सरकलं. तुकडा उलटून पाहिला. कपची मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली होती, लांब, एकसारख्या रुंदीची, टोकाला पिसासारखी विरलेली. तिने सोडलेली खाच ओली असल्यासारखी चमकत होती. शेजारचा जुना पृष्ठभाग धुळकट, मंद, आणि मध्ये ही लकाकणारी पट्टी. पुरातत्त्वाचे अभ्यासक भाजलेली हत्यारं ओळखताना हाच फरक शोधतात: एकाच तुकड्यावर आच लागण्याआधीची मंद खाच आणि नंतरची चमकदार खाच, शेजारी शेजारी. मी छायाचित्रांत ते अनेकदा पाहिलं होतं. स्वतःच्या हातात, स्वतःच्या दाबाने उमटलेलं पाहताना जे वाटलं ते निखळ आनंदाचं होतं. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी नेमकी हीच चमक उजेडाकडे धरून पाहिली असणार.

मग मूळची कच्ची कपची काढली आणि तिच्यावरही तसाच दाब दिला. आखूड कपची, टोकाला पायरी, खाच मंद. एकाच दगडाची दोन भावंडं, आणि दोघांचं वागणं इतकं वेगळं.

सगळे तुकडे सुखरूप आले असं नाही. एका तुकड्यावर बशीच्या आकाराची उथळ खळगी पडली होती आणि तिच्यातून निसटलेली भिंगासारखी चकती वाळूत सापडली. वाफेने किंवा असमान तापण्याने पृष्ठभागाचा तुकडा उडतो तो असा दिसतो. तिथे जीवाश्माचा एक बारीकसा अवशेष होता, त्याच्याभोवती पाणी राहिलं असावं. दुसऱ्यावर जाळीसारख्या बारीक चिरा आल्या होत्या. असा तुकडा वाचवण्याच्या नादी मी लागत नाही. खळगीचा तुकडा मात्र उरलेल्या भागात चांगला चालला, त्याचं एक छोटं टोक झालं.

भरड करडा चर्ट 250 ला तसूभरही बदलला नव्हता, हे मूळच्या कपचीशी ताडून पाहिल्यावर स्पष्ट झालं. तो 20-20 अंश वाढवत पुन्हा भाजला, प्रत्येक फेरीनंतर एक कपची काढून पाहिली. 310 च्या सुमारास खाच लकाकायला लागली. मुद्दाम त्याचा एक तुकडा बराच वर नेला, हद्द कुठे आहे ते कळावं म्हणून. त्याची कड दाबाखाली साखरेसारखी भुरभुरली. चमक होती, पण दगडात जीव उरला नव्हता. हद्द एकदा पाहून ठेवली की तिच्या अलीकडे निर्धास्त काम करता येतं.

भाजलेला दगड सगळ्या कामांना चांगला, असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. चीर सहज धावते म्हणजे नको तेव्हाही सहज धावते. शिंगाच्या हातोडीचा घाव जरा जोरात बसला की लांब पातं मधोमध दुभंगतं. म्हणून भाजल्यानंतर मी हलकी हातोडी घेतो, पात्याला मांडीवर पूर्ण आधार देतो आणि शक्य तितकं काम दाबानेच उरकतो. धार कच्च्या दगडापेक्षा तेज येते, पण वापरात लवकर चुरते. कापायचं पातं, बाणाचं टोक यांना भाजलेला दगड उत्तम. लाकूड तासायची तासणी किंवा भोक पाडायचं टोक मात्र मी कच्च्या चर्टचंच करतो. त्यांना चिवटपणा हवा असतो, आणि आच नेमका तोच घेऊन जाते.

धुळीबद्दल थोडं, कारण ते टाळून चालत नाही. कपच्या काढताना आणि कड घासताना उडणारी धूळ सिलिकाची असते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. मी हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता, वारा बाजूने जाईल असं बसून करतो. तोंडावर एन-95 मास्क, डोळ्यांवर बंद चष्मा. कपडे घरात झटकत नाही, आणि खाली पसरलेली ताडपत्री झाडण्याऐवजी पाणी शिंपडून पुसतो. भट्टीही मोकळ्या, हवेशीर जागी असते आणि चालू असताना तिच्या दारासमोर कुणी बसत नाही.

आता प्रत्येक दगडाची एक नोंद असते: मूळची कपची, वाळवणीआधीचं आणि नंतरचं वजन, आतल्या थर्मोकपलचा सर्वात वरचा आकडा, धरलेले तास, आणि पहिली कपची कशी निघाली याचे दोन शब्द. पूर्ण झालेल्या पात्याच्या बुडाशी हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने आद्याक्षरं आणि वर्ष कोरतो. उरलेल्या कपच्या कधीही उघड्या माळावर किंवा नदीकाठी टाकत नाही. भाजलेल्या चर्टच्या चमकदार कपच्यांचा ढीग एखाद्या जुन्या स्थळाजवळ पडला तर उद्या तिथे शोध घेणाऱ्याची दिशाभूल होईल. त्या जाड पिशवीत भरतो, सोबत चालू सालाचं एक नाणं टाकतो, आणि पिशवी पुरायची वेळ आली तर ती त्या नाण्यासकट पुरतो.